न आवडणाऱ्या माणसाचं एकपात्री कसं करायचं? आधी क्वाल्टिंगरचा "हेर कार्ल" म्हणजे कार्लसाहेब बघा

मला आलेला प्रश्न थोडक्यात देते. "ताई, मी पन्नास मिनिटांचं एकपात्री बसवलंय. रिटायर्ड क्लार्क आहे, जन्मभर जिकडे घुगऱ्या तिकडे उदो उदो केलेला, त्या नादात दोनचार जणांचं वाटोळं केलेला, पण स्वतःला साधाभोळा समजणारा. लोक भरपूर हसतात, टाळ्याही येतात, पण कोणी अस्वस्थ होऊन बाहेर पडलंय असं दिसत नाही. एका सीनियर दिग्दर्शकांनी सांगितलं की हेल्मुट क्वाल्टिंगर या ऑस्ट्रियन नटाचं काम बघ. शोधलं तर सगळं जर्मनमध्ये. हा माणूस कोण होता आणि मी त्याच्याकडून नेमकं काय घेऊ?"

ज्यांनी हे नाव सुचवलं त्यांना माझा नमस्कार सांगा. मी सव्वीस वर्षं एकपात्री करतेय, वर्कशॉपही घेते, आणि गेली पंधरा वर्षं दर बॅचला क्वाल्टिंगरबद्दल बोलल्याशिवाय मला राहवत नाही. मी जर्मन शिकत होते तेव्हा पहिल्यांदा बघितला, त्यातली व्हिएन्नाची बोली निम्मी डोक्यावरून गेली, तरी तासभर खुर्चीतून हलले नाही. त्यामुळे उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी माणूस कोण ते. हेल्मुट क्वाल्टिंगर, जन्म व्हिएन्ना, 8 ऑक्टोबर 1928. वडील शाळेत सायन्स शिकवायचे आणि कट्टर नाझी विचाराचे. म्हणजे पोरगा दहा वर्षांचाही झाला नव्हता तेव्हा, मार्च 1938 मध्ये, हिटलर व्हिएन्नात आला, हेल्डनप्लात्स नावाच्या मोठ्या चौकात लाखोंची गर्दी जमली, आणि ती सगळी हवा याच्या घरातच होती. युद्धाच्या शेवटी शाळेतली पोरंसुद्धा विमानविरोधी तोफांवर नेली जायची, त्यात हाही गेला. हे सगळं का सांगतेय तर पुढे त्यानं जे पात्र केलं ते त्यानं पुस्तकात वाचलेलं नव्हतं, ती माणसं त्यानं जिन्यात, बाजारात, जेवणाच्या टेबलावर ऐकलेली होती.

1945 ला युद्ध संपलं, व्हिएन्नात रशियन सैन्य आलं, आणि या सोळा वर्षांच्या पोरानं काय करावं, तर आपण सोव्हिएतांनी नेमलेले सांस्कृतिक अधिकारी आहोत असं भासवून एक बंगलाच ताब्यात घेतला, का तर तिथं डाव्या विचाराचं थिएटर काढायचं होतं! अर्थात पकडला गेला, तीन महिने तुरुंगात बसला. नंतर मेडिकलला गेला, सोडलं, पेपरात लिहायला लागला, नाटकं लिहिली, 1949 ला ग्राझ शहरात त्याचं एक नाटक लागलं त्यावर मोठा गदारोळ झाला.

एक किस्सा सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. जुलै 1951. पेपरवाल्यांना बातमी जाते की कोबुक नावाचा थोर एस्किमो लेखक व्हिएन्नाला येतोय. वेस्टबानहोफ स्टेशनवर पत्रकार, रेडिओवाले, सगळे हजर. गाडीतून उतरतो कोण तर फरचा कोट आणि फरची टोपी घातलेला क्वाल्टिंगर. रेडिओचा रिपोर्टर माइक पुढे करून विचारतो, व्हिएन्नाबद्दल पहिलं इम्प्रेशन काय, आणि हा अस्सल व्हिएन्नी बोलीत दोन शब्द बोलतो, त्याचं मराठी सरळ "उकडतंय" असं होईल. बस. आजही ऑस्ट्रियात मीडियावर लक्ष ठेवणारा एक ब्लॉग आहे त्याचं नाव कोबुकच आहे. यात नट म्हणून बघण्यासारखी गोष्ट ही की त्यानं तिथं काही "करून" दाखवलं नाही. जुलैत फर घातलेल्या माणसाला जे वाटेल तेच बोलला. ही सवय लक्षात ठेवा, पुढे कामाला येणारे.

मग कॅबरेचा काळ. आपल्याकडे कॅबरे म्हटलं की डोळ्यासमोर जुन्या हिंदी सिनेमातला डान्स येतो, पण व्हिएन्नाचं कॅबरे म्हणजे छोट्या थिएटरातली गाणी, स्किट, राजकीय टीका, आपल्या वगनाट्यातल्या बतावणीच्या जवळ जाणारं काहीतरी. 1950 च्या दशकात गेरहार्ड ब्रोनर, कार्ल मेर्त्स, पेटर वेहले, गेऑर्ग क्राइस्लर, लुईझे मार्टिनी आणि क्वाल्टिंगर असा एक ग्रुप जमला. ग्रुपला नावच ठेवलं नव्हतं म्हणून "बिननावाचा ग्रुप" हेच नाव पडलं. यातला ब्रोनर ज्यू, 1938 ला पोरवयात जीव वाचवून पळाला, पॅलेस्टाइनला पोचला, 1948 ला परत आला. आणि ज्या शहरानं हाकललं त्याच शहराला पियानोवर बसून गाणी ऐकवायला लागला. अशा माणसाबरोबर रोज रात्री एका स्टेजवर उभं राहायचं, हे क्वाल्टिंगरचं खरं ट्रेनिंग असं मला वाटतं.

त्या काळातली गाणी ब्रोनरनं लिहिलेली आणि क्वाल्टिंगरनं गाजवलेली. एक मोटरसायकलवाला आहे, त्याला कुठं जायचंय ते माहीत नाही पण तिथं तो लवकर पोचणारे एवढं नक्की. दुसरं एक गाणं श्रीमंत बापाच्या मुलाचं, काहीही कर, पप्पा निस्तरतील असं. ते रचलं गेलं एका बड्या नेत्याच्या मुलाच्या गाडीच्या अपघातावरून, तो नेता म्हणजे तेव्हाचे पार्लमेंटचे अध्यक्ष फेलिक्स हुर्डेस, आणि 1959 ला ते त्या पदावरून गेले. गाण्याची ओळ तिथं म्हणीसारखी झाली. आणि ट्राव्हनिचेक नावाचं पात्र, जगभर फिरायला जाणारा पण सगळीकडे कुरकुर करणारा टुरिस्ट, ब्रोनर त्याला प्रश्न विचारतोय आणि हा प्रत्येक गोष्टीला "हे मला कशाला पाहिजे" म्हणतोय. रेकॉर्डिंग मिळतं, भाषा नाही कळली तरी नुसता आवाज ऐका, त्या आवाजात ढेकर दिल्यासारखं एक समाधान आहे.

आता मुद्द्याचं. 15 नोव्हेंबर 1961. टीव्ही ऑस्ट्रियात तेव्हा नवाच होता, रेग्युलर प्रक्षेपण सुरू होऊन चारेक वर्षं झाली होती. त्या रात्री "डेर हेर कार्ल" लागलं, जर्मनमधला "हेर" म्हणजे साहेब, आपला गुप्तहेर नव्हे, म्हणून मराठीत "कार्लसाहेब" किंवा "कार्लराव" म्हणू. लेखन कार्ल मेर्त्स आणि क्वाल्टिंगर, दिग्दर्शन एरिष नॉयबर्ग, आणि सुमारे तासभर पडद्यावर एकटा क्वाल्टिंगर. किराणा आणि खाण्याच्या वस्तूंच्या दुकानाचं गोदाम, त्यात कामाचा कोट घातलेला, छोटी मिशी ठेवलेला एक जाडसर प्रौढ माणूस, आणि तो एका तरुण मुलाला आपली जीवनकहाणी सांगतोय. तो मुलगा आपल्याला दिसत नाही. क्वाल्टिंगरचं वय तेव्हा फक्त तेहेतीस होतं हे मला आजही पटत नाही, कारण त्या माणसाच्या मानेत, बसण्यात, श्वासात पन्नाशी आहे. पात्र कुठून आलं तर त्याच्या एका मित्रानं अशाच दुकानात काम केलं होतं, तिथला एक सहकारी कामाच्या वेळात आपलं आयुष्य सांगत बसायचा, ते मित्रानं क्वाल्टिंगरला सांगितलं.

कार्लचं आयुष्य म्हणजे ऑस्ट्रियाचा तीसेक वर्षांचा इतिहास, पण तळघरातून बघितलेला. 1934 पर्यंत हा सोशालिस्ट होता, पण ते काय पोटापाण्याचं काम नव्हे असं तो म्हणतो. मग 34 ला सिव्हिल वॉर झालं, समाजवादी हरले, तर हा दुसऱ्या बाजूच्या मोर्च्यात, कारण तिथं पाच शिलिंग मिळायचे. मग नाझींच्या, तिथंही पाच शिलिंग. 1938 ला हेल्डनप्लात्सवर तो होताच, आणि त्याला ते सगळं मोठ्या जत्रेसारखं आठवतं, नवीन वाइनच्या बागेत लोक जमतात ना तसं, फक्त जरा जास्त भारदस्त. युद्धानंतर अमेरिकन आले तर त्यांच्याकडे. 1955 ला देश स्वतंत्र झाला त्याचाही आनंद आहे. बायका आल्या गेल्या. प्रत्येक वेळी तो जिथं खायला मिळेल तिथं होता आणि प्रत्येक वेळी त्याची कुठलीच चूक नव्हती.

आता एक जागा जवळून बघू, कारण तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथं आहे. कार्लच्या सरकारी चाळवजा बिल्डिंगमध्ये टेनेनबाउम नावाचा एक ज्यू राहायचा. 38 साली फुटपाथवर नाझींच्या विरोधातल्या घोषणा रंगवलेल्या होत्या, त्या ज्यूंकडून घासून पुसून घेतल्या जात होत्या (हे खरंच घडलेलं आहे, व्हिएन्नातले फोटो आहेत, म्हातारी माणसं गुडघ्यावर बसून ब्रशनं रस्ता घासतायत आणि भोवती गर्दी हसतीये). कार्ल सहज सांगतो की टेनेनबाउमला पण पुसावं लागलं, मीच त्याला तिथं नेलं, बिल्डिंगचा केअरटेकर बघत हसत होता, तो कुठल्याही मजेत असायचाच. नंतर युद्ध संपल्यावर टेनेनबाउम परत आला. रस्त्यात भेटला. कार्लनं अगदी अदबीनं नमस्कार केला. त्यानं बघितलं नाही. परत केला. परत बघितलं नाही. आणि मग कार्लच्या तोंडावर जे येतं ते बघा, तिथं खरोखरचा दुखावलेला माणूस दिसतो. "घ्या, आता हा रागावलाय." म्हणजे चूक टेनेनबाउमची, मनाला लावून घेतलं म्हणून. आणि वर एक वाक्य, की कोणीतरी ते पुसायला लागणारच होतं ना.

मी हा तुकडा किती वेळा बघितला असेल मोजलेलं नाही. तुम्ही पहिल्यांदा बघाल तेव्हा रडारडी, संगीत, क्लोजअपमध्ये डोळे विस्फारणं यातलं काहीतरी येईल म्हणून वाट बघाल. काही येत नाही. क्वाल्टिंगर त्या जागी थांबतच नाही. आवाज तोच, दुकानात गिऱ्हाइकाशी बोलावा तसा, आणि पुढच्या विषयावर जातो. पोटात गोळा येतो तो पुढच्या विषयावर, कारण तो पुढे गेलाय आणि तुम्ही मागेच फुटपाथवर राहिलाय.

आणि तुमचं इथंच अडत असावं असं मला वाटतं, नाटक बघितलेलं नाही तरी धाडसानं सांगतेय. तुमच्या क्लार्कनं जे वाईट केलं त्या वाक्यानंतर तुम्ही पॉज घेत असणार. आपण सगळे घेतो. मी पण माझ्या एका प्रयोगात दहा वर्षांपूर्वी हेच करत होते, सासू होती, सुनेला घराबाहेर काढल्याचं सांगायची, आणि मी त्या वाक्यावर चार सेकंद थांबून समोर बघायचे. लोक एकदम शांत व्हायचे आणि मला वाटायचं की पोचलं. पोचत नव्हतं. तो पॉज म्हणजे मी प्रेक्षकांना दिलेला निरोप होता की "मला कळतंय हे वाईट आहे, तुम्हालाही कळतंय, आपण दोघं चांगले", आणि त्या चार सेकंदांत सगळे सुटून जायचे. एका प्रयोगाला सर्दीनं घसा धरला होता, पॉज घेतला तर खोकला येईल म्हणून घाईनं पुढं गेले, त्या वाक्यावरून थेट लोणच्याच्या बरण्यांवर. त्या दिवशी प्रयोग संपल्यावर एक बाई विंगेत आल्या आणि काही न बोलता माझा हात धरून उभ्या राहिल्या. त्यानंतर तो पॉज मी परत कधी घेतला नाही.

दुसरी गोष्ट, समोर कोण आहे. कार्ल प्रेक्षकांशी बोलत नाही, तो त्या तरुण मुलाशी बोलतोय. आणि तो मुलगा कामावर ज्युनियर आहे, म्हणजे त्याला उठून जाता येत नाही, ऐकावंच लागतं, आणि युद्ध संपलं तेव्हा तो लहान असणार त्यामुळे त्याला उलट बोलताही येत नाही, "तुम्हाला काय माहीत त्या काळचं" म्हटलं की संपलं. कॅमेरा त्या मुलाच्या जागी येतो आणि टीव्हीसमोर बसलेला प्रत्येक जण तो मुलगा होतो. तो गप्प आहे. तुम्हीही गप्प आहात. कार्ल सांगतोय आणि तुम्ही मान हलवताय, मधेच हसताय, आणि टेनेनबाउमपर्यंत पोचेपर्यंत तुम्ही त्याचे अर्धे दोस्त झालेले असता. तुमचा क्लार्क कोणाशी बोलतोय? "प्रेक्षकांशी" असं उत्तर असेल तर ते बदला. सोसायटीत नवा भाडेकरू आलाय आणि एनओसी वर सही क्लार्कची लागणारे असं काहीतरी करा. किंवा गॅसची पाइपलाइन जोडायला आलेला मुलगा, काम होईपर्यंत त्याला घरातून जाता येत नाही. ज्याला निघता येत नाही असा माणूस हवा. मग बघा तुमची सगळी वाक्यं आपोआप वेगळ्या ठिकाणी वळतील, क्लार्क त्याला चहा देईल, दम देईल, परत चहा देईल.

तिसरी गोष्ट भाषेची आणि ती आपल्याला मराठीत फार जवळची आहे. कार्ल व्हिएन्नाच्या खालच्या बोलीत बोलतो, पण जेव्हा त्याला मोठेपणा दाखवायचा असतो, देश, कर्तव्य, मन, प्रेम असले शब्द येतात, तेव्हा तो एकदम शुद्ध, साहेबी जर्मनवर जायला बघतो. आणि ते त्याला नीट पेलत नाही. खोटं बोलताना माणूस शुद्ध बोलतो! आपल्याकडे पण बघा, घरात "म्या काय केलं" म्हणणारा माणूस पोलीस चौकीत किंवा सत्काराला उभा राहिला की "सदर इसमास मी सहकार्य केले" अशी भाषा काढतो. तुमचा क्लार्क ऑफिसात राहिलेला आहे म्हणजे त्याच्याकडे टिपणीची मराठी असणारच, "योग्य त्या कार्यवाहीस्तव सादर" वगैरे. ज्या जागी त्यानं कोणाचं वाटोळं केलं तिथं त्याला ही भाषा द्या, आणि ज्या जागी तो स्वतःच्या आईबद्दल किंवा जेवणाबद्दल बोलतो तिथं त्याची घरची बोली. प्रेक्षकांना काही समजावून सांगावं लागत नाही, कानालाच कळतं.

आणि चौथं जे मला शब्दात नीट सांगता येत नाही पण प्रयत्न करते. क्वाल्टिंगरला कार्ल आवडत होता. त्यानं केलेल्या गोष्टी आवडत होत्या असं म्हणत नाहीये, पण नट म्हणून त्यानं त्या माणसाला पूर्ण जागा दिली, त्याचं हसू, त्याचा लाडिकपणा, त्याचं स्वतःच्याच आठवणीनं डोळ्यात पाणी येणं, सगळं खरं. व्हिएन्नी लोकांचा एक गुण सांगतात, निवांत, गोड, आपलेपणाचं वागणं, त्याचं त्यांना फार कौतुक. क्वाल्टिंगरनं दाखवलं की तो गोडवा खोटा नाहीये, तो खराच आहे, आणि त्याच गोड माणसानं शेजाऱ्याला हाताला धरून फुटपाथ पुसायला नेलंय. तो खोटा गोड असता तर सगळे म्हणाले असते की ढोंगी आहे, आणि झोपले असते. तुम्ही क्लार्कचा तिरस्कार करत असाल तर तो चेहऱ्यावर दिसतो, लपत नाही. आधी त्याच्यावर माया करायला शिका. अवघड आहे, मला त्या सासूच्या बाबतीत दोन वर्षं लागली.

कार्ल लागला त्या रात्री आणि नंतर काय झालं ते पण सांगायला पाहिजे. टीव्ही स्टेशनला फोनवर फोन, पेपरात संतापाची पत्रं. तेव्हाचे नावाजलेले समीक्षक हान्स वायगेल यांचं त्यावरचं बोलणं प्रसिद्ध आहे, की हेर कार्लला एका ठरावीक प्रकारच्या माणसाच्या पायावर पाय द्यायचा होता, आणि ओरडला अख्खा देश. का ओरडला याचं कारण असं की 1943 मध्ये दोस्त राष्ट्रांनी मॉस्कोत एक जाहीरनामा काढला, त्यात ऑस्ट्रिया हा हिटलरच्या आक्रमणाचा पहिला बळी असं म्हटलं होतं. त्याच जाहीरनाम्यात ऑस्ट्रियावरही जबाबदारी आहे असंही होतं, पण ते वाक्य सोयीनं मागे पडलं. आम्ही बळी, आम्ही काही केलं नाही, यावर युद्धानंतरचा देश उभा राहिला. आणि तिथं एक जाडा माणूस तळघरात उभा राहून हसत हसत सांगतोय की मी तर होतो चौकात, छान वाटलं होतं. सरकारनं पार्लमेंटमध्ये उभं राहून ऑस्ट्रियन लोकांच्या सहभागाची जबाबदारी मान्य केली ती चान्सलर फ्रानित्स्कींनी 1991 च्या जुलैत. म्हणजे टीव्हीवर कार्ल आल्यानंतर तीस वर्षांनी. नाटकवाले कधी कधी किती आधी पोचलेले असतात बघा.

पण नटाला त्याची किंमत पडली. 1961 पर्यंत लोक त्याच्या गाण्यांवर फिदा होते, आपला लाडका विनोदी नट. कार्लनंतर अर्धे लोक त्याला घर घाण करणारा म्हणायला लागले आणि उरलेले त्यालाच कार्ल समजायला लागले. कॅबरेचा ग्रुपही त्याच सुमारास संपला. कार्ल त्यानं पुढे स्टेजवर पण केला. मेर्त्सबरोबर आणखी लिहिलं. नाटकांत, टीव्हीवर, सिनेमात भूमिका करत राहिला. नाटककार होर्व्हाटच्या "व्हिएन्नाच्या जंगलातल्या गोष्टी" या नाटकात 1961 च्या टीव्ही आवृत्तीत तो खाटीक ऑस्कर होता, ते दिग्दर्शनही नॉयबर्गचंच, आणि 1979 ला माक्सिमिलियान शेलनं सिनेमा केला त्यात त्याच कथेतला म्हातारा बाप, खेळण्यांच्या दुकानाचा मालक. एकाच नाटकाकडे तरुण आणि म्हाताऱ्या दोन्ही बाजूंनी जायला मिळणं हे नटाचं भाग्यच.

माझ्या मते त्याच्या उत्तरायुष्यातलं सगळ्यात मोठं काम म्हणजे वाचन. टेबल, पुस्तक, पाण्याचा ग्लास, आणि हा एकटा. व्हिएन्नाचा लेखक कार्ल क्राउस याचं पहिल्या महायुद्धावरचं अवाढव्य नाटक, ज्यात शेकडो पात्रं आहेत, मंत्री, पेपरविके, बायका, सैनिक, ते हा एकटा वाचायचा आणि रस्त्यावरची गर्दी उभी राहायची. डोळे मिटून ऐकलं तर खोलीत पंधरा माणसं आहेत असं वाटतं. त्यातली गंमत ही की तो आवाज "बदलत" नाही, म्हणजे मिमिक्रीवाले करतात तसं घसा आवळून नाही. माणसाची बोलण्याची घाई बदलतो. कोण वाक्य संपायच्या आधी श्वास घेतो, कोण दुसऱ्याचं ऐकतच नाही, कोण शेवटचा शब्द चघळतो. मी वर्कशॉपमध्ये हा एक्सरसाइज घेते, एकच वाक्य, आवाजाची पट्टी बदलायची नाही, फक्त घाई बदलून पाच माणसं करा. करून बघा, घाम फुटतो.

आणि 1973 पासून त्यानं हिटलरच्या "माइन काम्फ" मधले उतारे जाहीरपणे वाचायला सुरुवात केली. ऐकायला भीतीदायक वाटतं, पण त्यानं केलं काय, तर हिटलरच्या त्या भाषणांतल्या ओरडण्याची नक्कल टाळली. ती नक्कल कोणीही करतो आणि लोक हसून मोकळे होतात. यानं ते वाक्य वाक्य म्हणून वाचलं, त्यातला रडकेपणा, तो फुगवलेला अभिमान, ते न संपणारं वाक्य, सगळं उघडं पडलं. परत तेच बघा, फरचा कोट घालून "उकडतंय" म्हणणारा माणूसच हा. जे लिहिलंय ते बोलायचं, वर स्वतःचं मत चिकटवायचं नाही.

तब्येत मात्र त्यानं सांभाळली नाही. दारू फार होती, शेवटी लिव्हर गेलं. शेवटचा मोठा रोल तुम्ही कदाचित नकळत बघितलेला असेल, शॉन कॉनरीचा "द नेम ऑफ द रोझ" हा मठातल्या खुनांचा सिनेमा, त्यात मठाचं कोठार सांभाळणारा रेमिजिओ नावाचा साधू आहे, भूतकाळ लपवून जगणारा आणि शेवटी चौकशीत सापडणारा, तो क्वाल्टिंगर. शूटिंगच्या वेळी तो खूप आजारी होता. त्या चेहऱ्याकडे बघताना मला प्रत्येक वेळी गोदामातला कार्ल आठवतो, इथंही कोठारच, इथंही जुना हिशोब, फक्त हा माणूस विसरू शकलेला नाही. सिनेमा आला तेव्हाच, 29 सप्टेंबर 1986 ला, क्वाल्टिंगर व्हिएन्नात वारला. अठ्ठावन्नावा वाढदिवस नऊ दिवसांवर होता. त्याच वर्षी जूनमध्ये कुर्ट वाल्डहाइम ऑस्ट्रियाचे राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले होते, ज्यांनी आपल्या जर्मन सैन्यातल्या नोकरीचा काही भाग आत्मचरित्रात गाळला होता, आणि त्यावरून देशभर वाद पेटलेला होता. हेर कार्लची आठवण तेव्हा कितीतरी जणांना आली असेल. व्हिएन्नाच्या मध्यवर्ती दफनभूमीत त्याला मानाची जागा दिली गेली.

आता तुमच्यासाठी काम. डेर हेर कार्लचं टीव्ही रेकॉर्डिंग मिळवा, सबटायटल असलं तर उत्तम, नसलं तरी चालेल. पहिल्यांदा आवाज बंद करून बघा. हातांकडे बघा, तो रिकामा कधी बसतो आणि कशावर बोलताना हात चालू राहतात ते टिपून काढा. मग चित्र बंद करून फक्त ऐका. भाषा कधी वर चढते ते भाषा न कळता पण कळेल. मग तुमच्या स्क्रिप्टमधली ती जड वाक्यं काढा, साधारण तीन असतील, आणि प्रत्येकाच्या लगेच पुढे अगदी किरकोळ काहीतरी लिहा, दुधाचं बिल, पंख्याचा आवाज, काहीही. मधे पूर्णविरामसुद्धा ठेवू नका. पंधरा प्रयोग असे करून मला कळवा.

आणि शेवट. तुम्ही लिहिलंय की शेवटी क्लार्क एकटा पडतो आणि दिवा मंद होत जातो. कार्लचा शेवट सांगते, मग तुम्हीच ठरवा. तो म्हणतो की रात्री अंथरुणात पडलेलो असतो, रस्त्यावरून अँब्युलन्सचा भोंगा ऐकू येतो, कोणाला तरी काहीतरी झालेलं असणार. आणि त्याला फार बरं वाटतं. तो स्वतःशी म्हणतो, कार्ल, तू नाहीयेस तो.